बाईंनी घातलेला बांध

नागरिकशास्त्राच्या बाईंनी लेकीच्या टॅबवरचा गेम काढून टाकायचं ठरवलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि लेक वर्गातल्या पोरांबरोबर कुठलंसं ऑनलाइन गाव वसवत बसली होती.

"आई, आधी खेळून तर बघ. मग खुशाल काढ," लेक म्हणाली, आणि आईचा फोन घेऊन स्वतः शेजारी खेळायला बसली.

बाईंनी टॅबवर स्वतःच्या नावाने नदीकाठी जागा घेतली, घर बांधलं, गुलाब लावले. गुलाबांना पाणी हवं म्हणून नदीला बांध घातला. तळं काठोकाठ भरलं. बाई खूश.

तेवढ्यात टॅबमधून पोरांचा कल्ला ऐकू आला. खालच्या अंगाची सगळी शेतं वाळली होती. लगोलग गावसभा भरली. अध्यक्ष होती बाईंच्याच वर्गातली, सगळे 'घुमी' म्हणायचे ती मुलगी. वर्गात प्रश्न आला की बाकाखाली पेन शोधणारी.

"बाई, बांध तुम्ही घातलात?"

"माझ्या जागेत घातलाय."

"जागा तुमची, नदी सगळ्यांची. कुणाला विचारलंत?"

"अगं, मी तुम्हाला शिकवते!"

"ते शाळेत. इथे तुम्ही नवीन रहिवासी."

कुणीतरी फिसकन हसलं. मतदान झालं आणि बरोबरी झाली. बांध राहू दे म्हणणाऱ्यांना पेपर कोण तपासणार ते पक्कं ठाऊक होतं. आता लेकीचं एकच मत उरलं.

"मी मत देणार नाही," लेक म्हणाली. "घरचं माणूस आहे माझं."

बाईंनी तिला कोपराने ढोसलं. "बांधाच्या बाजूने दे, नाहीतर आत्ता गेम काढते!"

"आई, माइक चालू आहे."



"मतदाराला धमकी," घुमी म्हणाली. "फेरमतदान घ्या."

या खेपेला घाबरटांनीही बाजू बदलली. ठरलं: बाईंनी बांध फोडायचा, खालपर्यंत पाट खणायचा आणि तोवर बाईंना मताचा अधिकार नाही!

बाबा घरी आले तेव्हा बाई टॅबवर ओणवून खणत होत्या.

"काढणार होतीस ना तो गेम?"

"हात लावू नका! मला अपील करायचंय. आणि ते ऐकणार कोण, तर तीच घुमी! निकाल देणाराच अपील ऐकतो, हा कुठला न्याय?"

"मग वरचं न्यायालय हवं असा ठराव आण ना," लेक म्हणाली. "पण त्यावर मत नाही हं तुला. आधी पाट."

"समजलं गं," बाई म्हणाल्या. "इथे खडक लागलाय. तो कसा फोडतात ते सांग."