कानकूनची बाई

"वहिनी, गाडी आली. आणि तीपण आलीय."

नोएमी सुपासाठी लिंबाच्या चकत्या करत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"कोण ती?"

"कोण काय विचारतेस? कानकूनची बाई! पुढच्या सीटवर बसून आलीय, मालकीण असल्यासारखी. फाटकातूनच हाकलते बघ तिला." नवऱ्याची बहीण क्रिसान्ता रडून रडून सुजली होती, पण आवाज शाबूत होता.

"आधी तुझ्या भावाला आत घेऊ," नोएमी म्हणाली.

नोएमीचा नवरा अबेलार्दो हॉटेलांच्या बांधकामावर कानकूनला गेला, तेव्हा दोघंही तरुण होती. मूलबाळ नव्हतं. आधी तो दर महिन्याला यायचा, मग सणावारी, मग येईनासाच झाला. तिथे त्याने दुसरं घर केल्याचं आधी गावाला कळलं, नोएमीला मागाहून. ती भांडली नाही. रस्त्याकडच्या खोलीत चार टेबलं मांडून तिने खानावळ सुरू केली. कोंबडीचं सूप, आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस. वर्षानुवर्षं तेच. बाई दगडाची आहे, असं गाव म्हणायचं. झोपेतच त्याचं हृदय थांबल्याचा फोन आला, तेव्हाही तिने एवढंच विचारलं होतं, "गाडी कधी पोचेल?"

टेबलं भिंतीला सरकवून शवपेटी मधोमध ठेवली. प्रार्थना सुरू झाली. मिरेया, म्हणजे ती कानकूनची बाई, दाराजवळ मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. बायका जपमाळ ओढत तिच्याकडे आणि स्वयंपाकघराकडे आळीपाळीने बघत होत्या.

मांस भाजायला येणार होते ते पुरुष कबर खणायला गेले. मागच्या अंगणात नोएमी एकटीच पडली. एकीकडे सुपाचं पातेलं, दुसरीकडे जाळी.

"निखारे विझतायत तुमचे," मागून आवाज आला.

मिरेयाने पुठ्ठा उचलला, वारा घातला आणि मांसाचे पातळ काप झरझर जाळीवर पसरले. हात सराईत होता.

क्रिसान्ता धावत आली. "ए, हात लावू नकोस! जनाची नाही तर मनाची तरी..."

"लावू दे तिला. मला दोनच हात आहेत," नोएमी म्हणाली. क्रिसान्ता पाय आपटत आत गेली.

धूर डोळ्यांत जात होता.

"यात संत्र्याचा रस आहे होय!" मिरेया म्हणाली. "मी लिंबू पिळायची. फरक कुठे पडत होता म्हणा! मेल्याला कशाची चव कळायचीच नाही. सगळ्यावर मिरची ओतायचा."

तोंडातून गेलेला शब्द ऐकून तिने जीभ चावली.

"इथेही ओतायचाच," नोएमी म्हणाली. आपल्याला आता हसू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"शेवटी त्रास झाला का त्याला?" तिनेच पुढे विचारलं.

"नाही. भात झाला का, असं विचारलं आणि कुशीवर वळला. मी ताट घेऊन आले तर..."

"काप उलटा. करपतील."

दफन करून आल्यावर सगळे पोटभर जेवले. मांस छान झालंय, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. कोणी भाजलं, ते कोणी विचारलं नाही. नोएमीने दोन वाडगे भरले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मिरेयासमोर बसली. मिरेया मान खाली घालून रडत होती. नोएमीने मक्याच्या टॉर्टियाच्या तळलेल्या पट्ट्या तिच्या सुपात चुरून घातल्या.

"खा. निवतंय."

संध्याकाळी बसची वाट बघताना मिरेयाने चाचरत विचारलं, "नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आले तर चालेल?"

क्रिसान्ताने तोंड उघडलं, पण नोएमी आधी बोलली.

"आदल्या दिवशी ये. कांदे खूप सोलायचे असतात."

बस गेली. क्रिसान्ताही भावाचं नाव घेत घरी गेली. नोएमीने टेबलं जागेवर लावली. खोलीच्या मधोमध फरशीवर मेणबत्त्यांचं मेण सांडून घट्ट झालं होतं. उद्या कोणा गिऱ्हाइकाचा पाय घसरायला नको, म्हणून ती गुडघ्यांवर बसली आणि सुरीने ते हळूहळू खरवडू लागली.