धुवण

"पिवळंच. मेलं परत पिवळंच," प्रयोगशाळेतली मदतनीस सेंगा पुटपुटली आणि तिने परीक्षानळी मार्सलीच्या नाकासमोर धरली.

मार्सलीने ती खिडकीकडे नेली. बाहेर टे नदीवर पांढुरकं धुकं. त्यापुढे पिवळा आणखीच पिवळा दिसला. एन्झाइमने प्रथिनाला चिकटलेलं फॉस्फेट सोडवलं असतं, तर नळी हिरवी झाली असती. पेशींचा नुसता गाळीव रस घातला की व्हायची. त्याच रसातून चार दिवस खपून एन्झाइम वेगळं काढलं, की ढिम्म. जितकं स्वच्छ, तितकं मठ्ठ. तीन वर्षं हेच. जूनमध्ये प्रबंध द्यायचा. नाहीतर गाशा गुंडाळून बेटावर, आईकडे.

"माझं काय चुकतंय गं?"

"तुझं?" सेंगाने हातमोजे उतरवले. तिची नजर फ्रिजवरच्या कागदाकडे गेली. मार्सलीचे मार्गदर्शक प्रोफेसर रॅटरे यांच्या हातची कृती, सव्वीस वर्षं तिथेच चिकटलेली; जगभर त्यांच्या नावाने चालणारी. पाचवी पायरी: एन्झाइम भरपूर मिठाच्या पाण्याने धुवा. धुवण फेका.

धुण्याआधी जेलवर तपासलं तर एन्झाइमच्या तीन भागांचे तीन पट्टे दिसत. एक आधार देणाऱ्या बैठकीचा, एक फॉस्फेट कापणाऱ्या पात्याचा, आणि एक फिकट. धुतल्यावर दोनच. फिकट पट्ट्याला रॅटरे 'मळ' म्हणत, म्हणून सगळेच म्हणत.

"रसात दुसरी पन्नास एन्झाइमं असतात," मार्सली रॅटरेंचंच वाक्य बोलली. "ती करत असतील हिरवं."

"असतील हो बाई." सेंगा शीतखोलीत जाऊन बाटली घेऊन आली. वर लिहिलेलं: 'सेंगाचं सूप. हात लावाल तर बघा.'

"हे काय?"

"तुझं धुवण. मीठ काढून ठेवलंय त्यातलं."

मार्सलीला काहीच उमजेना, पण हात चालू लागले. एका नळीत स्वच्छ एन्झाइम. दुसरीत नुसतं धुवण. तिसरीत दोन्ही.

रॅटरे चहाचा मग घेऊन आत आले. "काय शिजतंय?"

सेंगा पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली.

पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी कोवळ्या वाटाण्यासारखी हिरवीगार.

"धुवणात थोडं एन्झाइम वाहून आलं असेल," मार्सली घाईघाईने म्हणाली. आपण कुणाला सावरतोय, ते तिचं तिलाच कळेना.

"मग दुसरीही झाली असती हिरवी," सेंगा टेबलाला म्हणाली.

रॅटरेंनी तिन्ही नळ्या उजेडात धरल्या. मग फ्रिजसमोर उभे राहून तो कागद, दुसऱ्या कुणाचं अक्षर असावं तसा, वरपासून खालपर्यंत वाचला.

"सेंगा, कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"ठाऊक कुठलं. नुसता संशय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं नाव आहे ना त्याच्यावर."

चहावर साय धरली होती. रॅटरेंनी मग खाली ठेवला.

"मळ नव्हता तो, पोरी," ते मार्सलीला म्हणाले. "पात्याला कुठे कापायचं ते सांगणारा तोच. मीच धुऊन टाकत होतो त्याला. माझी कृती चुकीची आहे."