मॉरिसचं जेट

“ड्रिल मार आन् मोकळा हो,” गॅरेजचे मालक मारुतराव म्हणाले. “कारखान्याच्या तीनच्या भोंग्यापर्यंत गाडी चालू झाली न्हाई, तर उद्यापासून गॅरेजात येऊ नको.”

भीमराजने कार्ब्युरेटर उजेडात धरला. पेट्रोल मापात सोडणारं इवलंसं पितळी जेट तुंबून आत घट्ट बसलं होतं आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेची पार वाट लागली होती. जुनी मॉरिस शरच्चंद्र साहेबांची. चिंचवडच्या एका कारखान्यातलं एक अख्खं खातं त्यांच्या हाताखाली. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग भीमराजने केलं होतं, म्हणून खापर त्याच्याच माथी.

“यांच्या हातात हत्यार दिलं की असंच व्हायचं,” गाडीला टेकून उभे असलेले साहेब म्हणाले. ‘यांच्या’ म्हणजे कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

भीमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांत त्याने कुणाचा एक स्क्रू बिघडवला नव्हता.

“ड्रिल मारणार न्हाई,” तो म्हणाला. “आटे गेले तर नवा कार्ब्युरेटर मिळायचा न्हाई. आन् कुणी बिघडवलं ते बी कळायचं न्हाई.”

त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक कानशीने घासून उरल्यासुरल्या खाचेत चपखल बसवलं. समोरच्या सोजरबाईंच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणलं, कार्ब्युरेटर त्यात बुडवला आणि जेट आधी आवळायच्या बाजूला दाबलं. मारुतराव कुत्सित हसले. तिसऱ्या पाण्याला जेट हललं आणि मुकाट बाहेर आलं.

त्याच्या आट्यांत आणि भोकात पिवळा रंग होता. भीमराजने ते साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

“हा रंग आमच्याकडं न्हाई. नट सुटू नये म्हणून तुमच्या खात्यात लावत्यात. माझा भाऊ तिथंच हाय, रोज नखांत घेऊन घरी येतो.”

साहेबांचा चेहरा उतरला. “रविवारी साफ करायला उघडलं होतं मी, मग रंग लावून घट्ट आवळलं,” ते हळूच म्हणाले. “बरं, बसव आता.”

“मला सांगून काय उपयोग? मारुतरावांना सांगा. मोठ्यानं.”

भीमराज हत्यार ठेवून बाकड्यावर बसला. नोकरी गेली तर जाऊ दे, पण हा डाग घेऊन तो घरी जाणार नव्हता. तीनचा भोंगा वाजला. तो उठला नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, मग मारुतरावांपुढे जाऊन उभे राहिले.

“जेट मी अडकवलं होतं. भीमराजची चूक नव्हती.”

तेव्हा कुठे भीमराज उठला. त्याने आटे आणि भोक स्वच्छ केले, जेट दोन बोटांनी आत फिरवलं, शेवटी स्क्रू ड्रायव्हर हलकेच टेकवला आणि साहेबांना जवळ बोलावलं.

“एवढंच आवळायचं असतं,” तो म्हणाला.