पंपाला लावलेलं तूप

मेनाबाच्या गोठ्यात अकरा म्हशी, आणि अकराही तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाहीत. त्यामुळे सून कृपालीने दूध काढायचा पंप मागवला, तेव्हा मेनाबाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हे खेळणं दूध काढणार?"

कृपाली पालनपूरच्या शाळेत शिक्षिका. बाळंतपणाची रजा संपली, सोमवारी हजर व्हायचं. पाच महिन्यांची ध्यानी घरी राहणार, तिच्यासाठी दूध काढून ठेवायला हवं. डब्यातली पावडर या घरात येणार नाही, असं मेनाबाने आधीच ठणकावलं होतं. आणि चौधरींच्या गल्लीत नोकरीला जाणारी पहिली सून माझी, हे गावभर सांगूनही झालं होतं.

शुक्रवारी पंपाने अर्धी बाटली भरली. शनिवारी दुपारी मात्र थेंब येईना. मोटर घुरघुरतेय, कप छातीला नीट लावलाय, पण ओढ म्हणून नाही. कृपालीने जोर वाढवला, कप वर-खाली करून पाहिला. शेवटी तिचे डोळे भरून आले.

"बा, माझं दूधच आटलं."

"काल होतं ते आज कुठं गेलं, यात्रेला?"

"थट्टा नको. पोर उपाशी राहील. मी मोठ्या बाईंना कळवते, मला नोकरी जमायची नाही."

तिने पंप सुटा करून ताटात टाकला आणि फोन उचलला. मेनाबाने ताट जवळ ओढलं. कपाखाली नखाएवढा रबरी पडदा असतो, तो घट्ट बसला तरच पंप ओढतो. मेनाबाने तो चिमटीत धरला, तर सुळकन निसटला.

तुपाने.

सकाळी उकळलेले भाग तिनेच जोडले होते. रबर कोरडं वाटलं म्हणून बोटभर तूप चोळलं. धार काढण्याआधी म्हशीच्या सडांना तूप लावायचं, हे चाळीस वर्षांत हाताला कधी सांगावं लागलं नव्हतं.

गुपचूप धुऊन आणलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण सून नंबर शोधत होती.

"ठेव तो फोन. दूध आटलेलं नाही. पडद्याला मी तूप लावलंय, म्हणून तो घसरतोय आणि हवा शिरतेय."

कृपालीने फोन खाली ठेवला. "तूप? यंत्राला?"

"मग कोरड्या हाताने धार काढतात का? लावू नये असं पंपासोबत आलेल्या तुझ्या त्या कागदावर कुठं होतं?"

"त्याला नैवेद्य दाखवू नये असंही नव्हतं लिहिलं, बा."

"तोंड चालतंय, म्हणजे अंगात जोर आहे."

मेनाबाने गरम पाण्याने, साबणाने पडदा धुतला, कोरडा केला, दाबून बसवला. पंप ओढू लागला. दूध मात्र चार थेंब.

"रेडकू तिकडे बांधून ठेवलं, तर म्हैस पान्हा कशी सोडेल?" म्हणत मेनाबाने ध्यानीला आणून समोर मांडीवर घेतलं. "खांदे सैल सोड. बाटलीकडे नको, पोरीकडे बघ."

ध्यानीने आईच्या बांगडीला हात घातला आणि बाटलीत चुरचुर धार लागली.

"मला म्हैस म्हणालात," कृपाली हसत म्हणाली.

"म्हशीला मी एवढं समजावत बसत नाही."

सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेतून फोन आला. "बा, खोलीला कडी लावून बसलेय, पण काही येत नाही. जरा ध्यानीचा आवाज ऐकवा ना."

ध्यानी तर पोटभर पिऊन घोरत होती. तिला उठवायचं मेनाबाच्या जिवावर आलं. तिने ओसरीवर कुणी नाही ना, ते पाहिलं, फोन तोंडाशी धरला आणि तान्ह्या पोरासारखा टाहो फोडला.

पलीकडे कृपाली हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "थांबू नका बा, यायला लागलंय."

मेनाबाने पदर सावरला आणि पुन्हा रडायला घेतलं.