उभ्याचं काम

"तुझा बाप तोंडाने काही मागायचा नाही, हेनिया. तूच विचारत जा."

पोलंडमधल्या स्टेशनावर आई हे म्हणाली, तेव्हा हेनिया ज्यू तरुणांच्या चळवळीचा निळा सदरा घालून गाडीच्या दारात गाणी म्हणत होती. तिने नीट ऐकलंही नाही. आता आई गेली, बाबा पॅलेस्टाइनमधल्या गलिलीतल्या या सामुदायिक वस्तीवर राहायला आले, आणि आईच्या वर्षश्राद्धाची संध्याकाळ एका दिवसावर असताना हेनियाने पहिल्यांदा विचारलं, "बाबा, काही हवंय?"

"काही नको गं. तिच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष तेवढे लागतात. ते काय, ज्यूंच्या कुठल्याही गावात मिळतात."

"मिळतील," हेनिया बोलून गेली.

या गावात तेच अवघड होतं. इथल्या पोरांनी जहाजातून उतरण्याआधीच देव समुद्रात सोडला होता. नेम मात्र सोडले नव्हते. स्वतःचा सदरा ठेवायचा नाही, स्वतःची चहाची किटली ठेवायची नाही, सभा चुकवायची नाही. एवढं कडक सोवळं हेनियाच्या आजोबांनीही पाळलं नसेल.

संध्याकाळच्या सभेत विषय निघाला, तसा हात्स्केल उठला. पोलंडात शिबिराच्या शेकोटीभोवती यानेच सगळ्यांना शिकवलं होतं, की पोथीवर वाकून आपली कुबडी पिढी झाली, आता मातीवर वाकू या.

"आज दहा माणसं, उद्या रब्बी, परवा पुन्हा तेच डबकं! मग दलदल उपसली कशाला?"

"अरे, म्हातारा रडेल रे," गोठ्यातली फ्रुमा म्हणाली.

"त्याच्या दुःखाला माझा पाठिंबा आहे. प्रार्थनेला नाही."

हात वर झाले, ठराव पडला. सभेत हेनियाचं मत पुरुषाइतकंच मोजत. बाबांच्या दहांत ती धरलीच जात नव्हती. दोन्हीकडे तिचा उपयोग सारखाच झाला.

पण कामं वाटायची पाळी तिची होती, आणि कामावर मतं घेत नसत. नेमलेलं काम नाकारणं हे वस्तीतलं एकमेव पाप. सकाळी तिने फळ्यावर लिहिलं : 'सूर्यास्ताला, अवजारांच्या छपरीमागे. उभ्याचं काम. नऊ पुरुष. टोप्या घालून.' दहावे बाबाच होते, आणि उघड्या डोक्याने प्रार्थना चालत नाही.

"टोप्या कशाला? तेव्हा ऊन कुठलं?" एकाने विचारलं.

"नेमलंय ना? घाल मुकाट्याने," दुसरा म्हणाला. "हेनिया, अवजार कुठलं आणायचं?"

"तोंड."

दुपारी नवांपैकी लेमेल हिवतापाने आडवा झाला. बाकीचे पुरुष लांबच्या शेतावर, अंधार पडल्याशिवाय परतायचे नाहीत. उरला हात्स्केल. तो तबेल्यात खेचराला खरारा करत होता.

"एक जागा रिकामी झालीय. तुला लावते."

"हा कट आहे, हेनिया."

"काम आहे. नाही म्हणतोस?"

खरारा थांबला. "देवासाठी मी येणार नाही."

"देवाला बोलावलंय कुणी? बाबांना माणसं हवीत."

"आमेन म्हणणार नाही."

"नको म्हणूस. उभा तर राहशील? शब्द दे."

खेचराने दोनदा शेपटी झाडली. "दिला. आणि सभेत कुणी विचारलं, तर मी कामावर होतो."

ऊन उतरलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर बटाटे सोलता सोलता हेनियाने मान वर केली. हात्स्केल तबेल्याबाहेर आला. खांद्यावर उगाचच फावडं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून टोपी काढून डोक्यावर दाबली, आणि मोठी वाट सोडून गवताच्या गंजींआडून छपरीकडे निघाला.