ताईला दाखवलंस का?

धाकटा एकट्यानेच छोट्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवायचा. दर वेळी तेच ते करून कंटाळला, तेव्हा त्याने स्वतःपुरतं एक सॉफ्टवेअर लिहिलं. नाव, फोटो, रंग भरले की साइटचा सांगाडा आपोआप उभा राहायचा. फक्त साइट लोकांसमोर जाण्याआधी ते अडून बसायचं आणि विचारायचं, "ताईला दाखवलंस का?" 'हो' दाबल्याशिवाय पुढे हलायचं नाही.

हा प्रश्न ताईनेच घालायला लावला होता. शेजारच्या टेबलावर ती शिवणकाम करायची. गिऱ्हाईक असल्यासारखी साइट फोनवर बघायची आणि ओठांतल्या टाचण्या काढून ओरडायची, "माझा दात ठणकतोय आणि दवाखान्याचा नंबर पार तळाशी? ठोंब्या, वर घे तो!"

मग ताईला दूरच्या शहरात, कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. धाकटा खोटंच 'हो' दाबू लागला.

पुढे इतर वेबसाइटवाले त्याचं सॉफ्टवेअर मागू लागले. एक मित्र भागीदार झाला, धंदा उभा राहिला. गडबडीत तो प्रश्न काढायचाच राहून गेला. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "बायकोला दाखवलं तर चालेल का?" दुसऱ्याने लिहिलं, "मला ताई नाही. आता काय करू?"

भागीदाराची हसून हसून मुरकुंडी वळली. मग तो म्हणाला, "पण आजच काढ बाबा. लोक म्हणतील, पोरखेळ मांडलाय."

धाकट्याने आधी ताईला फोन लावला.

"ताई, साइट तपासायला तूच हवीस. परत येतेस?"

पलीकडे यंत्रांची घरघर होती. "अरे, माझ्या हाताखाली चाळीस जणी आहेत. मला आवडतंय रे इथे."

"मग रोज एखादी फोनवरच बघ ना."

"नको. मला जमायचं नाही आणि तू वाट बघत बसशील." मग तिने विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

"खोटारडा."

त्याने सॉफ्टवेअरमधला तो प्रश्न पुसला. भागीदाराने एक साइट चालवून पाहिली. ती कुठेही न अडता झरकन लोकांसमोर गेली.

ताई नसलेल्या त्या माणसाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. 'प्रश्न काढून टाकला आहे,' असं धाकट्याने लिहिलं. थोडा वेळ ते वाचत बसला. मग खाली आणखी एक ओळ घातली, 'माझी ताईही लांब असते. तुमची साइट पाठवा, मी बघतो.'