खारूताईचे चोरलेले तास

मित्रांनो, मी एक जुनं चावीचं घड्याळ आहे. वय विचाराल तर सांगणार नाही. पण मी खोटं बोललो, ते मात्र सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी लाकडी पेटी, पितळी लंबक, पांढरी तबकडी आणि पुढचं काचेचं दार एका घड्याळजीने हौसेने जमवलं. ऐन उमेदीची वर्षं मी दवाखान्यात काढली. माझ्याकडे बघून डॉक्टरीणबाई नाडी मोजायच्या. "नवऱ्यापेक्षा माझा या घड्याळावर जास्त भरवसा आहे," असं त्या पेशंटला सांगायच्या आणि नवरा शेजारीच बसून हसायचा. तेव्हा माझी छाती फुगायची हो! पुढे दवाखाना बंद झाला आणि मी एका घरात, थोरल्या लेकीच्या खोलीत आलो.

लेक दहावीला होती. घरात तिला खारूताई म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिच्या गावीही नव्हतं. शाळेचं सत्र सुरू झालं तेव्हा आईवडिलांनी आणि तिने मिळून वेळापत्रक केलं. रात्री दहाला झोपायचं, सकाळी सहाला उठायचं, संध्याकाळी पाच ते सहा मैदानावर. "झोप आणि खेळ, यांना कुणी हात लावायचा नाही," असं आईने बजावलं. वडिलांनी मान डोलावली. मोबाइल कपाटात गेला आणि त्या खोलीत वेळ सांगणारा मी एकटा उरलो.

पहिला महिना झकास गेला. मग चाचणीचे गुण आले आणि घरभर तोंडं उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून खोलीत आले. माझं दार उघडून त्यांनी मोठा काटा अर्धा तास पुढे ढकलला. "ऊठ बाळा, सहा वाजले." वाजले होते साडेपाच. ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी मला परत जागेवर आणलं आणि पुटपुटले, "अर्ध्या तासाने काय होतंय?"

त्याच दिवशी जेवणानंतर आई आली. ती कपडे शिवायची, बोटांना कायम खडू. तिने काटा अर्धा तास मागे ओढला. "दहा कुठे वाजलेत गं? साडेनऊ तर होतायत. एक धडा होईल अजून." लेक झोपल्यावर तिनेही मला गुपचूप सरळ केलं. नवरा रागावेल म्हणून ती त्याला काही बोलली नाही. बायको रागावेल म्हणून नवराही गप्प. घ्या!

तिसरा हात खुद्द खारूताईचा. पाच वाजता मैत्रीण खालून हाक मारायची, "येतेस ना?" अभ्यास बुडू नये म्हणून ही शाईच्या बोटाने माझा काटा पाचावरून सहावर न्यायची आणि खिडकीतून ओरडायची, "अगं, सहा वाजले, वेळ संपली!" काटा पुढे गेला की तिचं मन तिला खात नसे. आईची चाहूल लागली की मला पुन्हा मागे फिरवायची. मैत्रीण काही खुळी नव्हती. चार दिवसांनी तिने यायचंच सोडलं.

मित्रांनो, असे चोरलेले तास जातात कुठे, हे मलाही ठाऊक नव्हतं. ते माझ्यात साठत होते.

आधी माझी पेटी कोमट राहू लागली. मग दोन टोल्यांच्या मध्ये कुणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागला. एका दुपारी माझ्या काचेत एक मुलगी दिसली. खारूताई माझ्याकडे पाठ करून लिहीत होती आणि काचेतल्या मुलीचं तोंड मात्र माझ्यासमोर होतं. चेहरा खारूताईचाच. ती गाढ झोपली होती.

इकडे खारूताईचे डोळे खोल गेले. तीच ओळ पाच पाच वेळा वाचायची. जिन्यात दोनदा तोल गेला. तिकडे काचेतली बाळसं धरत होती. गाल लाल, गुडघ्यांना मैदानाची माती. हिचं जे कमी होई ते तिच्या अंगी लागे. आणि एक दिवस तिने डोळे उघडले. ती खुर्चीकडे बघत होती, आपल्या जागेकडे बघावं तशी.

परीक्षा आठवड्यावर आली. पाच वाजता खारूताईने माझं दार उघडलं आणि काट्यावर बोट ठेवलं. आतून एका ऊबदार हाताने ते बोट धरलं.

"दमलीस ना?" आवाजही तिचाच. "तू आत येऊन झोप. मी बाहेर जाते."

खारूताई ओरडली नाही. मित्रांनो, माझ्या काळजाला तेच लागलं. तिने हळूच विचारलं, "खरंच झोपू देशील?"

माझ्या हातात एकच गोष्ट होती. मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि चावीने आवळली जाणारी आतली पोलादी कमान तोडली. धाडकन आवाज झाला, पकड सुटली, पोर जमिनीवर कोसळली. आईवडील धावत आले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीबाई आल्या. त्यांनी भिंग लावून काटा पाहिला. "याच्यावर साबण आहे, खडू आहे, शाईसुद्धा आहे. तिघं तीन बाजूंनी ओढताय होय याला? तुटेल नाहीतर काय!"



"मी आपला अर्धाच तास..." वडील म्हणाले.

"तुम्हीसुद्धा?" आईने खडूची बोटं पदरात लपवली.

"आई," खारूताई हुंदका देत म्हणाली, "मला झोपायचंय गं."

भर दुपारी आईने तिला पांघरूण घातलं. दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ती झोपली आणि कुणी तिला उठवलं नाही. तिच्या प्रत्येक श्वासागणिक काचेतली पुसट होत गेली. परीक्षेत पहिला नंबर काही आला नाही, पण पोरगी पुन्हा दोन दोन पायऱ्या गाळून जिना उतरू लागली. काचेतलीबद्दल मात्र ती कुणापाशी बोलली नाही.

मला नवी कमान बसली. खारूताई शिकायला परगावी गेली आणि खोली तिच्या धाकट्या बहिणीला मिळाली. काचेतली पूर्ण गेलेली नाही. काही तास परत करता येत नाहीत, ते तिच्यापाशीच राहिले.

काल धाकटीच्या चाचणीचे गुण आले. आज पाच वाजता तिने माझं दार उघडलंय आणि बोट काट्याकडे नेलंय. काचेतली जरा सरकून बसली आहे, दोघींना जागा व्हावी म्हणून.

मित्रांनो, मला टोल्यांपलीकडे वाचा नाही. तुम्हाला आहे. खिडकीखाली या आणि तिला मोठ्याने हाक मारा. ती वेळ संपली म्हणेल. तुम्ही हलू नका. ती खाली येईपर्यंत हाका मारत राहा.